सहसंबंधाचे व्यक्तिनिहाय अर्थनिर्णयन

समूहावरून काढलेल्या सहसंबंध गुणांकाच्या (दोन मापे एकमेकांसोबत किती बदलतात ते −१ ते १ यांदरम्यान सांगणाऱ्या संख्येच्या) आधारे एका विशिष्ट व्यक्तीविषयी कोणते विधान, किती खात्रीने करता येते, हे ठरविण्याची मानसशास्त्रीय मापनातील रीत. अनेक व्यक्तींना एकेकदा मोजून काढलेला गुणांक हा त्या समूहाचा गुणधर्म असतो. त्यांतल्या कोणा एकाला तो चिकटवता येत नाही. ‘चिंता वाढलेल्यांत निद्रानाश अधिक आढळतो’ या निष्कर्षातून ‘तुमची झोप चिंतेमुळेच उडाली आहे’ असे निदान निघत नाही. तरीही समुपदेशनात आणि निवडीच्या अहवालांत ते सर्रास काढले जाते, आणि त्याची किंमत समोर बसलेला माणूस मोजतो.

इतिहास : गुणांकाच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ ओग्यूस्त ब्राव्हे यांनी १८४६ मध्ये निरीक्षणांतील त्रुटींचे संयुक्त वितरण मांडले. त्यात दोन राशींच्या गुणाकाराचे पद येते. कार्ल पिअर्सन यांनी १८९६ च्या निबंधात मूलभूत सूत्रांचे श्रेय ब्राव्हे यांना दिले, पण १९२० मध्ये ते मागे घेतले. ब्राव्हे यांनी मूळ निरीक्षणे परस्परस्वतंत्र धरली होती आणि सहसंबंध अशी वेगळी राशी त्यांच्या मनात नव्हती, असा पिअर्सन यांचा मुद्दा होता. तो ग्राह्य वाटतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी आईवडील व मुले यांच्या उंचीच्या अभ्यासातून सरासरीकडे झुकण्याची, म्हणजे समाश्रयणाची, कल्पना मांडली आणि डिसेंबर १८८८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सहसंबंधावरील निबंध ठेवला. व्यक्तिनिहाय अर्थनिर्णयन समाश्रयणावरच उभे असल्याने येथे गॉल्टन यांना अग्रस्थान देणे उचित ठरते.

गणनपद्धती : व्यक्तीचा पहिल्या कसोटीवरील गुण आधी प्रमाण गुणात (सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर, या रूपात; प्रमाण विचलन म्हणजे गुणांच्या सरासरीभोवतीच्या पसरणीचे माप) बदलतात, त्याला सहसंबंध गुणांकाने गुणून दुसऱ्या चलावरील (ज्याचा अंदाज घ्यायचा त्या मापावरील) अपेक्षित प्रमाण गुण मिळवतात आणि मग अंदाजाची प्रमाण त्रुटी काढतात. ही त्रुटी म्हणजे दुसऱ्या चलाचे प्रमाण विचलन गुणिले, १ मधून गुणांकाचा वर्ग वजा करून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ. शेवटचा टप्पा बहुधा गाळला जातो, आणि चूक तिथेच होते.

समजा, दोन्ही कसोट्यांची सरासरी १००, प्रमाण विचलन १५ आणि सहसंबंध ०.५ आहे. पहिल्या कसोटीत १३० गुण मिळवणारी व्यक्ती सरासरीच्या दोन प्रमाण विचलने वर आहे. दुसऱ्या कसोटीवर तिचा अपेक्षित गुण ११५ येतो. प्रमाण त्रुटी सुमारे १३. वितरण प्रसामान्य (घंटाकृती) धरल्यास ९५ टक्के पूर्वानुमानाचा पट्टा (ज्यात अशा शंभरांपैकी ९५ जणांचे गुण पडतील तो) साधारण ९० ते १४० इतका रुंद पडतो. म्हणजे इतका उत्तम गुण असूनही दुसऱ्या कसोटीत ही व्यक्ती सरासरीखाली असण्याची शक्यता सुमारे १२ टक्के उरते. पहिली कसोटी घेतलीच नसती, तर पट्टा ७१ ते १२९ असता. कसोटीमुळे त्याचा मध्य वर सरकला, रुंदी मात्र १३ टक्क्यांनीच घटली. ती निम्मी व्हायला सहसंबंध ०.८७ लागतो, ०.३ ला घट ५ टक्केही होत नाही.

दोन व्यक्तींची तुलना करताना दुसरे माप उपयोगी पडते. पहिल्या कसोटीत पुढे असलेली व्यक्ती दुसरीतही पुढे असण्याची संभाव्यता ०.३ सहसंबंधाला सुमारे ६० टक्के, ०.५ ला ६७ टक्के आणि ०.७ ला ७५ टक्के असते. नाणे उडवूनही ५० टक्के मिळतात, हे येथे लक्षात ठेवावे.

संस्थेच्या दृष्टीने मात्र तोच ०.५ मोलाचा ठरतो. टेलर आणि रसेल यांच्या १९३९ च्या कोष्टकांनुसार, एरवी निम्मे उमेदवार यशस्वी होत असतील आणि कसोटीतील वरचे १० टक्केच घेतले, तर निवडलेल्यांपैकी सुमारे ८४ टक्के यशस्वी होतात. उरलेले १६ टक्के कोण, हे कसोटी सांगत नाही.

सामान्य चुका : गुणांकाचा विश्वास पट्टा (समूहाचा खरा गुणांक कोणत्या मर्यादेत असावा ते सांगणारा) आणि व्यक्तीचा पूर्वानुमान पट्टा यांची गल्लत सर्वांत घातक. नमुना वाढवला की पहिला अरुंद होतो, दुसरा जवळपास तसाच राहतो. १०,००० व्यक्तींच्या नमुन्यात ०.०३ सहसंबंधही सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ (केवळ योगायोगाने सहज न येणारा) ठरतो. व्यक्तीसाठी त्याचा उपयोग शून्यवत. निवडून घेतलेल्या गटात पहिल्या चलाचे प्रमाण विचलन निम्मे झाले, तर ०.५ चा सहसंबंध ०.२८ वर येतो. म्हणून मूळ अभ्यासातील समूह आपल्या व्यक्तीच्या समूहासारखा आहे का, हे आधी पाहावे. चार्ल्स स्पिअरमन यांची १९०४ मधील क्षीणता-दुरुस्ती (मापनातील त्रुटींमुळे कमी दिसणारा सहसंबंध वाढवून घेण्याची रीत) एखादा सिद्धांत तपासताना योग्य, पण व्यक्तीच्या पूर्वानुमानात वापरू नये. हातात असलेला गुण त्रुटीसकटच असतो.

व्यक्तींमधील व व्यक्तीच्या आतील संबंध : अनेक वाचकांची तुलना केली तर वेगाने मोठ्याने वाचणारे सहसा कमी चुकतात, तोच वाचक स्वतःचा वेग रेटू लागला की अधिक चुकतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात, आणि चिन्हे उलट. नियमलक्षी (सर्वांना लागू नियम शोधणारा) व व्यक्तिलक्षी (एकाच व्यक्तीचे वेगळेपण पाहणारा) अभ्यास हा भेद विल्हेल्म विंडेलबांट यांनी १८९४ मध्ये केला. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३७ मध्ये तो व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात रुजवला. समूहातील रचना व्यक्तीच्या आत तशीच आढळण्यासाठी फार कडक गणिती अटी पाळल्या जाव्या लागतात आणि मानसिक प्रक्रियांत त्या क्वचितच पाळल्या जातात, हे पीटर मोलेनार यांनी २००४ मध्ये दाखवले. फिशर, मेडाग्लिया व येरोनिमस यांच्या २०१८ च्या सहा अभ्यासांवरील विश्लेषणात समूहातील आणि व्यक्तीच्या आतील मध्यवर्ती मूल्ये जवळपास आली, पण व्यक्तीच्या आतील प्रचरण (मूल्यांच्या पसरणीचे माप) समूहातील प्रचरणाच्या दोन ते चार पट निघाले.

एका व्यक्तीबद्दल तिच्यातलेच बदल जाणायचे असतील, तर तिचीच मापे वारंवार घ्यावी लागतात. रेमंड कॅटेल यांनी १९४० च्या दशकात अशी एकव्यक्ती पद्धत वापरली. त्यात लगतच्या दिवसांची मापे एकमेकांवर अवलंबून असतात. ती स्वतंत्र धरली तर प्रमाण त्रुटी सहसा खोटी लहान दिसते. मापांतील दीर्घकालीन कल आणि आठवड्याचे चक्र आधी वेगळे काढावे लागते.