तोफगोळा इतका स्वच्छ कसा दिसला?

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी. त्यामुळे सैन्याचा एखादा थरारक फोटो मोबाइलवर आला की इथे तो नुसता बघून पुढे ढकलला जात नाही. कुणाची आई तो मोठा करून चेहरे निरखते, कुणी माजी सुभेदार तोफ कुठली ते सांगतो. इतक्या जिव्हाळ्याने बघितल्या जाणाऱ्या फोटोची परीक्षाही तितक्याच काळजीने व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आणि ही परीक्षा फक्त मांडणी, रंग, उजेड यांच्यावर थांबू नये. तिथे भौतिकशास्त्राला बोलावलं पाहिजे.

नेहमी फिरणारा एक प्रकार घेऊ. १५५ मिलिमीटर व्यासाच्या नळीची तोफ नुकतीच डागली आहे. नळीच्या तोंडाशी केशरी ज्वाळेचा लोळ, त्याच्या जरा पुढे हवेत तरंगणारा काळा, रेखीव गोळा, जमिनीवरून उसळलेली धूळ, तोफचींचे फडफडणारे कपडे. बघताक्षणी अंगावर काटा येतो. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. प्रश्न एवढाच, की या सगळ्या गोष्टी एकाच क्षणी घडतात का?

कारगिलमध्ये १९९९ साली गाजलेल्या याच मापाच्या बोफोर्स तोफेचा गोळा पूर्ण चार्जवर, म्हणजे दारूचं पूर्ण माप भरल्यावर, सेकंदाला ८०० मीटरहून थोड्या अधिक वेगाने बाहेर पडतो. हिशेबाला ८०० धरू. फोटोत तोफेपुढची पाच मीटर जागा दिसत असेल, तर गोळा ती साधारण ६ मिलिसेकंदांत (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) ओलांडून फ्रेमबाहेर जातो. धमाक्याचा दाब याच्या मानाने मागे राहतो. तोंडाजवळ तो आवाजापेक्षा वेगाने निघतो, पण लवकरच मंदावून आवाजाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या, वेगाकडे येतो. काही मीटरवर उभ्या असलेल्या तोफचीपर्यंत तो पोचतो न पोचतो तोवर गोळा निघून गेलेला असतो. दाब पोचल्यावर कापड हलायला आणखी वेळ लागतो, धूळ गुडघाभर उठायला त्याहून जास्त. नळीचंही तसंच. गोळ्यापेक्षा कितीतरी पटींनी जड असल्यामुळे तो तोंडातून सुटतो तेव्हा ती जेमतेम वीतभर मागे आलेली असते. तिचा पूर्ण झटका नंतर दिसतो. म्हणून गोळा तोंडाशी, धूळ कमरेएवढी आणि नळी पूर्ण मागे, असं एकाच फ्रेममध्ये दिसलं तर मी थांबतो.

आगीचीही एक गंमत आहे. दारूच्या जळण्यातून निघालेल्या वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन उरलेले असतात. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते पुन्हा पेटतात, आणि तो मोठा लोळ दिसतो. हे वायू सुरुवातीला गोळ्यालाही मागे टाकून पुढे धावतात. गोळा काही काळ त्यांच्यातच झाकलेला असतो आणि मग धूर भेदून बाहेर येतो. ज्वाळा अजून तोंडाशीच उमलते आहे आणि गोळा तिच्यापुढे कोरडा, स्वच्छ उभा आहे, हे चित्र या क्रमाच्या उलट जातं.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. शटर १/२००० सेकंदावर असेल तर तेवढ्यात गोळा ४० सेंटिमीटर सरकतो. त्याची स्वतःची लांबी पाऊण मीटरच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त लांबी पुसट व्हायला हवी. १/८००० सेकंदावरही तो १० सेंटिमीटर सरकतो. शिवाय नेहमीच्या कॅमेऱ्यात शटर सगळी चौकट एकदम उघडत नाही. एक अरुंद फट चौकटीवरून सरकत जाते आणि तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला ४ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. चौकट सव्वातीन मीटर उंचीचा भाग टिपत असेल, तर गोळ्याची वरची कड आणि खालची कड टिपण्यात सुमारे ०.२ मिलिसेकंदाचा फरक पडतो. तेवढ्यात गोळा १५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. परिणामी तो तिरका, ढकलल्यासारखा उमटतो. स्पर्धांमध्ये अशा खऱ्या फोटोला ‘शार्प नाही, आकार बिघडलाय’ म्हणून गुण कापलेले पाहिले की वाईट वाटतं. ते बिघडलेपण हीच त्या फोटोची साक्ष असते.

उलट घाईही करू नये. उखळी तोफेचा बॉम्ब कमी चार्जवर सेकंदाला शंभर मीटरच्या आसपासच निघतो. नळीच्या तोंडाशी तो ठसठशीत टिपलेले फोटो अगदी खरे असतात. आणि सगळी चौकट एकाच क्षणी टिपणारा सोनीचा ए-नाइन-थ्री २०२३ मध्ये जाहीर झाला. त्याचं शटर १/८०,००० सेकंदापर्यंत जातं. तिथे आपला बोफोर्सचा गोळा एकच सेंटिमीटर सरकेल. त्यामुळे कॅमेरा कोणता होता हे विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.

सगळं एकाच चौकटीत हवं, हा मोह जुना आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचा अधिकृत छायाचित्रकार फ्रँक हर्ले याने खंदक, विमानं, स्फोट अशा वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून लढाईची भव्य चित्रं केली. खरी लढाई एका निगेटिव्हमध्ये मावतच नाही, असं त्याचं म्हणणं. युद्धाचा इतिहास लिहिणारा चार्ल्स बीन यावरून त्याच्याशी भांडला, कारण त्याच्या मते ही बनवाबनवी होती. मी बीनच्या बाजूचा. अमेरिकी छायाचित्रकार जो रोझेन्थाल याचा २३ फेब्रुवारी १९४५ चा, जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकी सैनिक झेंडा उभारतानाचा फोटो मात्र बनावटीच्या आरोपातून सुटला. त्याच्या शेजारी उभं राहून अमेरिकी सैन्याचा चित्रीकरण करणारा बिल जेनॉस्ट याने तीच घटना चलचित्रात टिपली होती, आणि त्यात आधीचे-नंतरचे क्षण सलग होते.

लढाई उभी करणं कोल्हापूरला नवं नाही. बाबूराव पेंटरांनी इथे स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२३ मध्ये ‘सिंहगड’ पडद्यावर आणला. तिथे प्रेक्षकाला माहीत होतं की हा उभा केलेला प्रसंग आहे, म्हणून त्या कलेत खोट नाही. मे २०२५ मध्ये मात्र संगणकावरच्या युद्धखेळातली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून घराघरात पोचली. सीमेवर पोरगा असलेल्या आईने ती बघितली असतील, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

म्हणून फोटो तपासताना माझी पहिली मागणी असते ती आजूबाजूच्या फ्रेमची. सेकंदाला २० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फ्रेममध्ये ५० मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्यात गोळा ४० मीटर पुढे जातो. म्हणजे तो पाच मीटरच्या चौकटीत सापडण्याची शक्यता आठात एक, तीही एकाच फ्रेममध्ये. आधीच्या फ्रेममध्ये तोफ शांत हवी. नंतरच्या फ्रेममध्ये गोळा नको, ज्वाळा ओसरून धूर फुगलेला हवा, नळी मागे सरकलेली हवी, आणि तोफचींचे कपडे आता कुठे फडफडायला लागलेले हवेत.