सीएलएलची गोळी सुरू केली आणि काउंट वाढला, रिपोर्ट चुकलाय का?

परळच्या आमच्या लॅबमध्ये सारखे याच गोष्टीसाठी फोन येतात म्हणून हे छापून काउंटरवर ठेवतोय. पेशंटला सीएलएल (रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार), डॉक्टरांनी इब्रुटिनिब ही गोळी सुरू केली, तीन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली तर डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, ४० हजारांवरून थेट ९० हजार. घरचे घाबरतात, सँपल बदललं म्हणतात, दुसरीकडे परत रक्त देतात, तिथेही तोच आकडा, तोवर दोन दिवस गेले आणि झोपही गेली.

होतं काय, तर सीएलएलच्या पेशी, म्हणजे बिघडलेल्या पांढऱ्या पेशी, नुसत्या रक्तात फिरत नसतात, त्यांचा खरा मुक्काम गाठींमध्ये (लिंफ नोड्स) आणि बोनमॅरोमध्ये असतो. तिथे आजूबाजूच्या पेशी, अगदी टी-सेल्ससुद्धा (शरीराच्या बचावाच्या पेशी), त्यांना जगायला सिग्नल देत राहतात, एका अर्थी पोसतातच. इब्रुटिनिब बीटीके नावाचं प्रोटीन बंद पाडतं, मग त्यांची तिथली पकड सुटते आणि त्या रक्तात येतात. म्हणून मानेची गाठ हाताला लहान लागते आणि त्याच आठवड्यात काउंट चढलेला असतो. गाठीतला आधार तुटला की त्या हळूहळू मरतात, पण आकडा उतरायला कित्येक आठवडे, काहींना वर्षाहून जास्त लागतं. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईन्समध्येही आहे की या औषधांवर नुसते लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, सीएलएलच्या पेशी यातल्याच) वाढले म्हणजे आजार वाढला असं धरायचं नाही. ताप असेल, गाठ वाढत असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरत असतील तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगा, आणि आकडा बघून गोळी स्वतःहून बंद करू नका.

सीएमएल या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरवरच्या डासाटिनिब गोळीचं वेगळंच. तिथे वाढलेले लिंफोसाइट बऱ्याचदा शरीराच्या स्वतःच्या बचावाच्या पेशी, म्हणजे एनके आणि टी-सेल्स, असतात, आणि गोळीनंतर एक-दोन तासांत रक्तात त्यांची संख्या तात्पुरती वाढू शकते.

आता आमची एकच विनंती. फॉर्मवरचा 'चालू औषधं' हा रकाना कोरा सोडू नका, आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. काउंटरवर मागे चार माणसं उभी असताना या आजाराच्या गोळीचं नाव लिहायला नको वाटतं हे आम्हाला कळतं, मग गोळीच्या पाकिटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, सोबत कधीपासून चालू आहे आणि आज किती वाजता घेतली तेवढं टाका. नाव माहीत नसलं तर एवढा काउंट बघून आम्ही आधी तुम्हाला फोन लावतो, तुम्ही ट्रेनमध्ये असता, फोन लागत नाही, रिपोर्ट तसाच पडून राहतो.

बाकी, तुमचा रिपोर्ट उशिरा का मिळतो असं लोक विचारतात. सीएलएलच्या पेशी नाजूक असतात, स्लाईडवर पसरवताना फुटतात आणि नुसते पुसट डाग दिसतात, त्यामुळे मशीनच्या आकड्यावर न थांबता आमच्या डॉक्टर मॅडम प्रत्येक स्लाईड स्वतः बघतात. त्याला अर्धा दिवस जास्त लागतो पण वेगळे पैसे लावत नाही. जुने रिपोर्ट आमच्याकडे असतील तर शेजारी लावून देतो म्हणजे तुमच्या डॉक्टरांना चढउतार एका नजरेत दिसतो. घरून सँपल हवं असेल तर आदल्या रात्री ९ पर्यंत सांगा, दादर ते लालबाग सकाळी ७ ला मुलगा येतो.