पाठचिकित्सा

लेखकाच्या हातची मूळ प्रत नाहीशी झालेली असताना, उरलेल्या नकला एकमेकींशी ताडून मूळ शब्दांच्या शक्य तितके जवळ जाण्याची जी शिस्तबद्ध पद्धत, तिला पाठचिकित्सा म्हणतात. एकाच जागी निरनिराळ्या पोथ्यांत सापडणारे वेगळे शब्द ते पाठभेद, मागाहून कुणीतरी घातलेला मजकूर तो प्रक्षेप, आणि छाननीअंती सिद्ध झालेला मजकूर ती संहिता. या संहितेसह सर्व पाठभेद नोंदवणाऱ्या पुस्तकाला चिकित्सित आवृत्ती असे नाव आहे. छापखाना येण्याआधीचे बहुतेक वाङ्मय आपल्यापर्यंत नकलांच्या साखळीने आले. त्यामुळे महाभारत असो, ज्ञानेश्वरी असो की आर्किमिडीजचे गणित, ‘मुळात काय लिहिले होते?’ हा प्रश्न सगळीकडे सारखाच उभा राहतो.

विद्यापीठात हा विषय भाषा आणि साहित्याच्या खात्यात मोडतो. त्याची तर्कपद्धती मात्र जीवशास्त्राच्या इतकी जवळची आहे की मानव्यविद्या आणि विज्ञान यांच्या संशोधनात काय सामाईक आहे हे पाहायचे तर याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड.

सुरुवात नकलाकारापासून करावी लागते. तो दिवसभर मांडी घालून बसे. समोर मूळ पोथी, हातात बोरू. एक ओळ वाचायची, मनात धरायची आणि उतरायची. शब्द जोडून लिहिलेले असत, त्यामुळे कुठे तोडायचे हे त्यालाच ठरवावे लागे. ‘भ’ची गाठ नीट उठली नाही तर तो ‘म’ दिसतो आणि ‘भरण’चे ‘मरण’ होते. जुन्या वळणाचा ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखा असल्याने ‘सुख’ हे ‘सुरव’ वाचले जाई. काश्मीरच्या शारदा लिपीत ‘स’ आणि ‘म’ यांच्यात फसगत होते. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दाने होत असेल तर पोथीवरून उचललेली नजर परत टेकताना खालच्या ओळीवर जाते आणि मधला मजकूर कायमचा गळतो. चूक लक्षात आली तर तिच्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन वर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार या लेपातून आला आहे. आणि पोथी संपली की अनेक नकलाकार शेवटी एक श्लोक लिहून मोकळे होत: ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥’ जसे पाहिले तसे उतरले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला लावू नका. शेकडो पोथ्यांच्या शेवटी हा श्लोक येतो, आणि प्रत्येक वेळी त्यामागे दुखणारी पाठ आणि ताणलेले डोळे असलेला एक माणूस दिसतो.

या चुकांचा माग काढूनच पोथ्यांची वंशावळ ठरते. समजा पाच पोथ्यांपैकी दोहोंत एकच ओळ गळालेली आहे, बाकी तिघींत ती आहे. मग त्या दोन पोथ्या ओळ गळालेल्या एकाच पूर्वज पोथीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा. शुद्ध पाठ सारखा असणे नाते सिद्ध करत नाही, कारण तो मुळातूनच सगळ्यांकडे आलेला असतो; नाते सिद्ध करते ती सामाईक चूक. शिवाय ‘भरण’चे ‘मरण’ दोन नकलाकार एकमेकांना न पाहताही करू शकतात. म्हणून जी चूक दोघांच्या हातून स्वतंत्रपणे होणे जवळजवळ अशक्य, तिलाच वजन द्यायचे. पोथ्या मोजून बहुमत घेणे इथे चालत नाही. एका चुकीच्या प्रतीवरून पन्नास नकला झाल्या तरी त्या मिळून साक्षीदार एकच.

युरोपात ही पद्धत एकोणिसाव्या शतकात घडली आणि तिला कार्ल लाखमान या जर्मन पंडिताचे नाव चिकटले. पोथ्यांचा वंशवृक्ष काढण्याचा पहिला मान मात्र स्वीडनच्या कार्ल योहान श्ल्युतर याला देतात. त्याने १८२७ मध्ये तिथल्या जुन्या कायद्यांच्या हस्तलिखितांची वंशावळ रेखाटली. चार्ल्स डार्विनने आपल्या वहीत जीवजातींचा वृक्ष काढला तो त्यानंतर दहा वर्षांनी, १८३७ मध्ये. पुढे १९५० मध्ये कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने जीवजातींचे नाते ठरवण्याचा नियम मांडला: मुळापासून चालत आलेली साम्ये सोडून द्या, नव्याने उद्भवलेले आणि दोघांत सामाईक असलेले बदल तेवढे धरा. पाठचिकित्सकांनी सामाईक चुकांबद्दल हेच म्हटले होते. वटवाघूळ आणि पक्षी यांना स्वतंत्रपणे पंख फुटावेत तसे दोन नकलाकार स्वतंत्रपणे ‘मरण’ लिहितात. आणि नकलाकाराने दोन पोथ्या समोर ठेवून सोयीचा पाठ उचलला की वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंततात, जशा संकरित वनस्पतींच्या गुंततात. अडचणीसुद्धा दोन्हीकडे त्याच आहेत.

भारतात या शास्त्राची सर्वांत मोठी कसोटी पुण्यात लागली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली आणि १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या कामाचा आरंभ झाला. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी पैशाचे पाठबळ दिले. नारायण बापूजी उटगीकर यांनी संपादलेले विराटपर्व नमुन्यादाखल १९२३ मध्ये निघाले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर (१८८७–१९४३) प्रमुख संपादक झाले आणि कामाला खरा आकार आला. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकले होते. पुढे बर्लिनला हाइन्‍रिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली ते भारतविद्येकडे वळले. आदिपर्वाची त्यांची प्रस्तावना वाचताना हा गणिती जागोजागी भेटतो: आधी पुरावा मांडायचा, मग नियम सांगायचा, आणि नियम कुठे लागू पडत नाही तेही लगेच सांगायचे.

संस्थेत पोथ्या ताडण्याची रीत अशी होती. उभ्या-आडव्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदाच्या माथ्यावर प्रचलित पाठातला एक श्लोक ठळक अक्षरांत लिहायचा. त्याखाली प्रत्येक पोथीला एक आडवी ओळ. पोथीत जे अक्षर वेगळे असेल ते त्याच्या बरोबर खालच्या रकान्यात नोंदवायचे. उजवीकडे शेऱ्यांसाठी जागा, तळाशी त्या पोथीत जादा असलेल्या श्लोकांसाठी. एका श्लोकाला एक कागद, आणि श्लोक एक लाखाच्या घरात! बंगाली पोथ्या शांतिनिकेतनात आणि दक्षिणी लिप्यांतल्या पोथ्या तंजावरला ताडल्या गेल्या. संपूर्ण प्रकल्पात १,२५९ हस्तलिखितांचा विचार झाला. अक्षरामागून अक्षर वाचणाऱ्या या माणसांची नावे फारशी कुणाला ठाऊक नसतात. पण सगळी इमारत त्यांच्या नोंदींवर उभी आहे.

सुखटणकरांनी पोथ्यांचे उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या असे दोन मोठे गट पाडले. दक्षिणेकडची परंपरा वाढवून, सजवून सांगणारी. काश्मीरची शारदा लिपीतली परंपरा सर्वांत आटोपशीर. एकमेकांपासून दूर वाढलेल्या या दोन परंपरा जिथे जुळतात तिथला पाठ जुना, हा त्यांचा मुख्य आधार. दोन पाठांपैकी एक अवघड आणि एक सोपा असेल तर सहसा अवघड पाठ जुना मानायचा, कारण नकलाकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करत नाही. जिथे निर्णय पक्का नव्हता तिथे त्यांनी शब्दाखाली नागमोडी रेघ छापली. संहितेतून वगळलेला एकही श्लोक फेकून दिला नाही. तो तारांकित करून तळटीपेत किंवा परिशिष्टात ठेवला, म्हणजे वाचकाला निर्णय तपासता यावा.

या निर्णयांनी अनेकांना धक्का बसला. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, ही घरोघरी माहीत असलेली कथा परिशिष्टात गेली. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादलेल्या सभापर्वात द्रौपदीचा कृष्णाकडे केलेला धावाही संहितेत नाही. तिथे वस्त्र ओढले जाते आणि त्या जागी दुसरे प्रकट होते, पुन्हा पुन्हा. कुणामुळे, ते संहिता सांगत नाही. कीर्तनातून ऐकलेला प्रसंग डोक्यात ठेवून हे पान वाचले की त्या मौनाचा वेगळाच परिणाम होतो. एका परीने हा सगळ्या परंपरेचा इतिहासच आहे: भक्तीच्या लाटेने कोणता मजकूर कुठे आणला, हे तळटिपांत थरांसारखे दिसते. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी महाभारतातल्या व्यक्तींवर लिहिताना याच संहितेचा आधार घेतला.

आणि एक परीक्षा तर अनपेक्षितपणे झाली. आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पुरा झाल्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी सुखटणकरांच्या हाती आली. संहिता ठरवताना ती कुणी पाहिलेली नव्हती. तिने त्यांच्या निर्णयांना ठिकठिकाणी दुजोरा दिला, आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. आधी अंदाज बांधायचा आणि मागाहून आलेल्या पुराव्यावर तो घासून पाहायचा, ही प्रयोगशाळेतली कसोटी इथे पोथीवर लागली. सुखटणकर १९४३ मध्ये वारले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेले. १९६६ मध्ये अठरा पर्वे पूर्ण झाल्याची घोषणा पुण्यात राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी केली.

आक्षेपही वजनदार आहेत. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांचे म्हणणे होते की नवी संहिता घडवण्यापेक्षा नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून खाली पाठभेद द्यावेत. हे नीलकंठ चतुर्धर गोदावरीकाठच्या कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीला राहिलेले. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या पोथ्या जमवून आपण उत्तम पाठ ठरवला असे त्यांनी स्वतःच महाभारतावरच्या आपल्या टीकेच्या, म्हणजे भाष्याच्या, आरंभी सांगितले आहे. फ्रेंच विदुषी मादलेन बियार्दो यांचा आक्षेप अधिक खोल होता. तोंडी सांगितल्या जाणाऱ्या महाकाव्याला एक मूळ प्रत असतेच कशावरून? मला हा प्रश्न खरा वाटतो. पण सुखटणकरांनी व्यासांचे मूळ शब्द सापडल्याचा दावा केला नव्हता. उपलब्ध पोथ्यांवरून जिथवर मागे जाता येते तिथवरचा सर्वांत जुना पाठ, एवढेच ते म्हणत होते. तो दावा आजही टिकून आहे.

मराठीत या विद्येची आठवण जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ ला, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले की यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवतो. प्रक्षेपाविरुद्ध इतके नेमके बोल दुसऱ्या कुणाचे मला माहीत नाहीत. महानुभाव पंथाने आणखी वेगळी वाट काढली. चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ असलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत गेल्यावर अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, आणि ज्याच्या स्मरणात जसे राहिले तसे वेगवेगळे पाठ ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवले. कुणाचीच आठवण खोटी ठरवली नाही. तुकोबांच्या गाथेच्या पोथ्या एकमेकींशी ताडून मुंबई सरकारच्या आश्रयाने १८६९ ते १८७३ या काळात जी आवृत्ती निघाली, ती या प्रकारच्या पहिल्या मोठ्या मराठी प्रयत्नांपैकी एक. मात्र गाथेला वंशवृक्ष नीट लागत नाही. अभंग टाळ-मृदंगावर म्हटले जात, ऐकणारा वहीत उतरून घेई, म्हणणारा आपल्या ठेक्याला जमेल तसा शब्द बदली. इथे नक्कल डोळ्यांनी नाही तर कानांनी झाली, म्हणून लाखमानची रीत अपुरी पडते.

गेल्या काही दशकांत प्रयोगशाळा या कामात थेट उतरली. आर्किमिडीजच्या ग्रंथाची दहाव्या शतकातली चामड्यावरची एक नक्कल तेराव्या शतकात खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या होत्या. वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात काढलेली छायाचित्रे आणि क्ष-किरण यांच्या साहाय्याने खालचे गणित पुन्हा वाचता आले. १९९८ मध्ये जीवशास्त्रज्ञ आणि साहित्याचे अभ्यासक यांनी मिळून मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसर याच्या काव्याच्या हस्तलिखितांना जनुकांचे वंशवृक्ष काढणारी संगणकीय पद्धत लावली आणि निष्कर्ष विज्ञानाच्या ‘नेचर’ या नियतकालिकात छापले. तीच रीत पुढे महाभारतातल्या द्यूतपर्वावर वापरून पाहिली गेली. तिथे काही पोथ्यांत मधूनच आदर्श प्रत बदललेली दिसते, म्हणजे नकलाकाराने अर्ध्यात दुसरी पोथी समोर घेतलेली.

यंत्राचा निकाल शेवटचा मानावा का, हा वाद बख्शाली हस्तलिखिताने पेटवला. भूर्जपत्रावरची ही गणिताची पोथी १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडली आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. २०१७ मध्ये तिच्या तीन पत्रांचे, म्हणजे पानांचे, कार्बन कालमापन झाले, तेव्हा एक पत्र इ. स. २२४ ते ३८३ मधले, दुसरे ६८० ते ७७९ मधले आणि तिसरे ८८५ ते ९९३ मधले निघाले. शून्याच्या चिन्हाचा पुरावा कित्येक शतके मागे गेला म्हणून बातम्या झळकल्या. गणितेतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र पोथीच वाचून उत्तर दिले: अक्षरवळण आणि मजकुराची सलगता पाहता हे एकच काम आहे, आणि ते सर्वांत उशिराच्या पत्रापेक्षा जुने असू शकत नाही. कार्बन भूर्जाचे वय सांगतो, त्यावर शाई कधी टेकली ते सांगत नाही.