माणग्याच्या कामट्या आणि विमानाचा पंखा

कोल्हापूर जिल्ह्यात आजरा, चंदगड, गगनबावड्याकडे माणग्याची बेटं जागोजागी दिसतात. हा बांबू जवळजवळ भरीव असतो. घरी बांधलेल्या छोट्या विमानाचा प्रोपेलर त्यातून होईल का? होईल, पण अख्खा बांबू तासून नव्हे.

बांबू विमानाला नवा नाही. ब्राझीलचे वैमानिक सांतोस-द्यूमों यांनी १९०० च्या दशकात ‘दमोआझेल’ विमानाच्या सांगाड्यात तो वापरला. तिथे नळीचा आकार कामी आला. प्रोपेलरचं गणित वेगळं. १.४ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २,६०० फेरे घेतो, तेव्हा टोक सेकंदाला १९० मीटर वेगाने पळतं आणि टोकावरचा एक ग्रॅम तुकडा पाच किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढला जातो. लांबीच्या दिशेने अशी ओढ सोसण्यात बांबूचा धागा पटाईत. सालीजवळ तर धागे सर्वांत दाट.

अडचण आडव्या दिशेची. बुरूड कोयत्याच्या एका फटक्यात बांबू उभा चिरतो, ती चीर पंख्याला परवडत नाही. इंजिनाचा प्रत्येक ठोका पात्याला पिळतो, आणि हबच्या, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागाच्या, बोल्टांची भोकं धागे तोडतात. अख्खा बांबू कोरून पंखा करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, लांब उभा राहतो.

म्हणून कामट्या, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या, एकमेकींना चिकटवून पंखा करायचा. वरची चकचकीत साल खरवडायची, कारण तिच्यातलं मेण आणि सिलिका डिंक धरू देत नाही. आतला मऊ भाग रंध्याने काढायचा. स्टार्चमुळे भुंगा लागतो. त्यासाठी बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी, मग सावकाश सुकवणं. चिकटवताना शेजारच्या कामट्यांच्या गाठी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत. राइट बंधूंचा १९०३ चा पंखाही स्प्रूसचे थर चिकटवूनच केलेला होता. वरून तिरकस, ४५ अंशांत काचतंतूचं कापड इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या डिंकात गुंडाळलं की पिळाला आवर बसतो.

हबच्या लोखंडी तबकड्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात सहज कातून मिळतील. आपला पावसाळा मात्र सोपा नाही. पंखा उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते, ते जड होतं आणि तोल जातो. तो आडवाच ठेवावा. उन्हाळ्यात लाकूड आकसून बोल्ट सैल पडतात, ते तपासावेत.

पहिली चाचणी जमिनीवर, विमान घट्ट बांधून. पंखा ज्या पातळीत फिरतो, तिथे कोणीही थांबायचं नाही. पातं तुटलं तर ते तिकडेच सुटतं.