लेणं कोरलेलं असतं, देऊळ बांधलेलं: गेममध्ये हा घोळ आता पुरे

परवा परत एका गेम आर्टिस्टच्या पोर्टफोलिओत वेरूळसारखं लेणं बघितलं. झीब्रशमध्ये (संगणकावर मूर्ती घडवायचं सॉफ्टवेअर) रात्री घालवल्यात हे कळतं, कोरीवकाम मस्त, आणि भिंतीवर मात्र ठोकळ्यांचे आडवे-उभे सांधे! अरे, लेण्याला सांधा येईलच कुठून? ते कुणी रचलेलं नाहीये, डोंगर पोखरून काढलंय.

बांधलेलं देऊळ तुम्हाला जमतंच, सिन्नरचं गोंदेश्वर घ्या किंवा अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर. सात-आठ ठोकळे स्कल्प्ट करायचे, फिरवून फिरवून लावायचे, प्रत्येकाचा रंग जरा इकडेतिकडे, झालं मॉड्यूलर किट, म्हणजे परत परत वापरता येणाऱ्या सुट्या तुकड्यांचा संच. फक्त सांधे बारीक ठेवा. बोटभर फट आणि प्रत्येक ठोकळ्याच्या चारही कडा कुरतडलेल्या, हे मला बघवत नाही.

लेण्यात सगळं उलटं. वेरूळचं कैलास, म्हणजे १६ नंबरचं लेणं, आठव्या शतकातलं, वरून खाली कोरत आणलंय, आधी शिखर आणि मग पाया. त्यामुळे ब्लेंडरमध्ये (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) खांब वेगळा करून छताखाली उभा केलात की तिथेच चुकलं, कारण तो खांब छताला टेकू म्हणून लावलेला नाही, छत आणि खांब एकच दगड आहे. कर्जतजवळ कोंडाण्याच्या चैत्यात जाऊन या, खांबांचे खालचे भाग गेलेत आणि वरचे तुकडे छताला तसेच लोंबतायत. देवळात खांब असा गेला असता तर वरची तुळईच खाली आली असती. म्हणून पडझडसुद्धा वेगळी दाखवायची, लेण्यात चौकोनी दगडांचा ढीग पडत नाही, कपचे निघतात.

आणि सगळ्यात जास्त चुकतो तो दगडाचा थर. आपला बेसाल्ट म्हणजे एकावर एक साचलेला लाव्हा, त्यात पट्टे असतात, शिरा असतात, भेगा असतात. लेण्यात असा एक पट्टा भिंतीवरून निघतो, खांबावरून जातो, द्वारपालाच्या मांडीवरून जातो आणि पलीकडच्या भिंतीवर त्याच उंचीला परत भेटतो, मूर्ती मध्ये आली म्हणून तो थांबत नाही. देवळात हीच शीर सांध्यापाशी तुटते, कारण शेजारचा दगड खाणीतल्या दुसऱ्याच जागेवरून आलेला असतो. तेव्हा लेण्याचे पट्टे ऑब्जेक्टच्या यूव्हीवर, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या स्वतःच्या टेक्स्चर-नकाशावर टाकू नका, वर्ल्ड स्पेसमध्ये, म्हणजे अख्ख्या सीनच्या मोजमापाने टाका, म्हणजे मेश (मॉडेलचा आकार) कितीही तुकड्यांत असला तरी डोळ्याला डोंगर एकच वाटेल. एवढं एक केलंत तरी सीन बदलतो, मी पैजेवर सांगतो.

मूर्तीचंही तेच. घारापुरीची त्रिमूर्ती, खरं तर सदाशिव, साधारण वीस फूट उंच, गालावर एक सांधा नाही आणि मागे पाठ नाही, मागे डोंगर आहे. लोक पूर्ण मूर्ती करतात आणि कोनाड्यात ढकलतात, मग कडेने ती काळी फट दिसते. याउलट कंबोडियातल्या बायोन मंदिराचे चेहरे बघा, तिथे नाकावरून, ओठांवरून सांधे गेलेत आणि ते बरोबरच आहे, आधी दगड रचले मग चेहरा कोरला. तुम्हीही त्याच क्रमाने करा, चेहरा पूर्ण करून वर रेघा ओढू नका.

उजेड, शेवाळ, काजळी वगैरे फरक किरकोळ, ते लाइटिंगवाला बघेल.

हा घोळ का होतो ते मला समजतं. लेण्यांनी लाकडी बांधकामाची नक्कल केलीय, दगडातच तुळया आणि वासे कोरलेत, मग माणूस ते जोडकाम समजतो. त्यात कार्ल्याच्या छताला खरोखरच्या लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या! त्या मात्र खुशाल वेगळा मेश करा, त्यांना लाकडाचंच मटेरियल द्या, आणि त्यांच्यामागचं छत एकसंध ठेवा.