लंपी आणि चावरी माशी

४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या चिनावल गावात (तालुका रावेर) लंपीचं, म्हणजे अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाचं जनावर सापडलं आणि पुढच्या महिन्यात राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले. रोग महाराष्ट्राला अगदीच नवा नव्हता, २०२० मध्ये गडचिरोलीच्या सिरोंचा भागात तो येऊन गेला होता. पण घराघरात 'लंपी' हा शब्द पोचला तो या वेळी. अनेकांनी पहिल्याच दिवशी आजारी गाय वेगळी बांधली. वेगळी म्हणजे त्याच गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला! आठ-पंधरा दिवसांत शेजारच्या दावणीच्या गुरांच्या अंगावर गाठी दिसल्या, की प्रश्न यायचा: अंगाला अंग लागलं नाही, मग हे आलं कुठून?

हा प्रश्न आफ्रिकेत फार आधी पडला होता. १९२९ मध्ये उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, गुरांच्या अंगावर अशा गाठी पहिल्यांदा नोंदल्या गेल्या. काहींना ती विषबाधा वाटली, काहींना किड्यांच्या चाव्याची ॲलर्जी. गंमत म्हणजे संशय बरोबर किड्यावरच गेला होता, फक्त उलट्या बाजूने: किडा ॲलर्जी देत नव्हता, रोग वाहून नेत होता. १९४३ नंतर बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेत साथ उसळली; १९४९ पर्यंत सुमारे ८० लाख जनावरं तिच्या तडाख्यात आल्याचं सांगतात. गाठीतला अंश निरोगी जनावराला टोचला की त्यालाही गाठी येतात, हे त्याच काळात सिद्ध झालं आणि रोग संसर्गजन्य ठरला. विषाणू मेंढ्या-शेळ्यांच्या देवीचा सख्खा भाऊबंद निघाला.

आता गोठ्यात या. गाय सारखे पाय आपटतेय, शेपटी फटकारतेय. पायावर बसलेली माशी घरमाशीसारखीच दिसते, पण तिची सोंड सुईसारखी पुढे आलेली असते. ही चावरी माशी रक्त पिते, आणि गाईने पाय झटकला की अर्धपोटी उडते. राहिलेलं पोट शेजारच्या गाईवर भरते. आधीची गाय लंपीची असेल तर सोंडेवरचा विषाणू आयताच टोचला जातो. माशीच्या पोटात विषाणू वाढण्याची गरजच नाही, ती नुसती घाणेरडी सुई असते. डास आणि गोचीडही हेच काम करतात. कीटकाने गाठीवरच तोंड मारलं तर विषाणू सर्वांत जास्त मिळतो, साध्या कातडीवर खूपच कमी. खऱ्या सुईचंही तसंच. एकाच सुईने दहा जनावरं टोचली, तर माशीचं काम आपणच केलं. त्या मानाने नुसत्या सहवासाने लागण कमी होते, मात्र लाळेतून, नाकातल्या स्रावातून विषाणू बाहेर पडतो आणि वाळलेल्या खपलीत महिनाभर टिकतो. म्हणून गव्हाण आणि पाण्याचा हौद सामाईक नको.

१९८९ मध्ये इस्रायलच्या पेदुयिम गावात रोग शिरला, तेव्हा १७ पैकी १४ दुधाळ कळपांना तो ३७ दिवसांत लागला. आफ्रिकेबाहेर त्याने घेतलेली ही सुरुवातीची उडी. २०१५ मध्ये तो ग्रीसला पोचला, २०१९ मध्ये बांगलादेशात आणि त्याच वर्षी ओडिशात. लांबच्या उड्या माशीच्या नव्हेत. त्या ट्रकमधल्या, अजून गाठी न उठलेल्या जनावराच्या. बाजार बंद करण्यामागचं कारण हेच.

आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली, ती दोन विषाणूंमधल्या याच नात्याच्या भरवशावर. लंपीच्याच विषाणूपासून केलेली 'लंपी-प्रोव्हॅक-इंड' ही देशी लस ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली, पण साथ तिच्यासाठी थांबून राहिली नव्हती. लस टोचल्यावरही प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर माशी थांबत नाही. त्या पावसाळ्यात कित्येक गोठ्यांत संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी चालू होती, आणि मागच्या बाजूला शेणाचा ढीग तसाच होता. चावरी माशी अंडी घालते ती तिथेच, ओल्या शेणात आणि सडक्या वैरणीत.