उष्णतेने पुसणारी शाई आणि ‘खास’ खोडरबर

“पुसता येणाऱ्या जेल पेनच्या टोकाच्या रबरात रसायन असतं, ते शाई खाऊन टाकतं. म्हणून हाताने घडवलेल्या पेनात तशी रिफिल घातली तर रबरही त्याच कंपनीचं हवं.” हा समज बराच जुना आहे. तो होणं साहजिकही आहे, कारण साधा खोडरबर घासून पाहिला तर अक्षर नीट जात नाही.

मुळात शाई कागदावरून निघतच नाही. तिच्यातल्या अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये रंगद्रव्य असतं, त्याला रंग आणणारा घटक असतो आणि तापमानानुसार बदलणारा तिसरा पदार्थ असतो. घासल्यामुळे तापमान साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हा तिसरा वितळतो, पहिल्या दोघांची फारकत करतो आणि शाई बिनरंगी होते.

पडताळायला रबर लागतच नाही. ओळीवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडा, अक्षरं जातील. मग कागद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १० अंशांच्या खाली ती पुन्हा उमटू लागतात. रसायनाने खाल्लेली शाई परत कशी येईल?

साधा खोडरबर मऊ असतो, त्याचा चुरा होतो आणि कागदाचे तंतूही उचकटतात. हाताने केलेल्या पेनला कडक, न झिजणाऱ्या रबराचा किंवा सिलिकॉनचा गोलसर तुकडा पुरतो. तो घट्ट बसवा, नाहीतर घासताना गरगर फिरतो. आणि असं पेन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, रिफिलमधली शाईही बिनरंगी होते.